जॉर्जियाला जाताय? आधी मुक्काम विचारा



आपल्या बायकांचा परदेश प्रवास आता दुबई आणि सिंगापूरवर थांबत नाही. आमच्या महिला मंडळातच गेल्या वर्षभरात चार जणींच्या तोंडून जॉर्जियाचे नाव ऐकले. युरोपच्या मानाने स्वस्त पडते, व्हिसाचा अर्ज घरबसल्या करता येतो, दिल्लीहून थेट विमान आहे, बर्फाचे डोंगर दिसतात, मग काय हवे? मी दोन वर्षांपूर्वी यजमान आणि नणंदबाईंबरोबर जाऊन आले, म्हणून "कसे आहे हो?" असे विचारणारे फोन मला येतात. प्रत्येकीला मी एकच सांगते. जा, जरूर जा. पण कंपनी काय काय दाखवणार हे विचारण्याआधी रात्री कुठे ठेवणार ते विचारा.

माझे मत सुरुवातीलाच स्पष्ट मांडते. आठ दिवसांच्या सहलीत तीनपेक्षा जास्त ठिकाणी बिछाना टाकू नये. मोठे हॉटेल घ्यायचेच तर राजधानी त्बिलिसीत घ्यावे. डोंगरात आणि द्राक्षांच्या मुलखात घरगुती गेस्ट हाउसात राहावे. आपल्या गुडघ्यांना, आपल्या नेमांना आणि आपल्या पैशाला हेच परवडते. का, ते आता सविस्तर सांगते.

अंतर छोटे, रस्ता मोठा

जॉर्जियाचे क्षेत्रफळ सुमारे ६९,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या पाव हिश्श्याहूनही कमी. उत्तरेला कॉकेशस पर्वताची भिंत, पश्चिमेला काळा समुद्र, पूर्वेला काखेती हा द्राक्षांचा प्रांत. नकाशावर बोट फिरवले तर वाटते, चार दिवसांत सगळे होईल. टूर कंपन्यांनाही तसेच वाटते. म्हणून त्या रोज नवे गाव आणि रोज नवे हॉटेल देतात आणि पत्रकावर फोटो भरगच्च दिसतात.

प्रत्यक्षात त्बिलिसीहून उत्तरेला स्तेपान्त्समिंदा हे गाव जेमतेम दीडशे किलोमीटरवर आहे, पण जायला तीन तास लागतात, आणि रशियाच्या सीमेकडे जाणाऱ्या ट्रकची रांग लागली तर त्याहून जास्त. वाटेत सुमारे २,४०० मीटर उंचीवरची ज्वारी खिंड ओलांडावी लागते. नाव ऐकून आपल्याला भाकरी आठवते, पण त्यांच्या भाषेत ज्वारी म्हणजे क्रूस. हिवाळ्यात हिमकडे कोसळण्याच्या भीतीने ही खिंड कधी कधी बंदही ठेवतात.

आता हिशेब करू. मी बी.कॉम. झाले त्याला चाळीस वर्षे होऊन गेली, पण जमाखर्चाची सवय सुटलेली नाही. आठ दिवस, सात रात्री, पाच हॉटेले, म्हणजे चार वेळा मुक्काम बदलणे. प्रत्येक बदलाला आदल्या रात्री बॅग भरायला एक तास, सकाळी सामान खाली आणून बसमध्ये चढवायला अर्धा तास, नव्या हॉटेलात खोलीच्या किल्ल्या मिळेपर्यंत स्वागतकक्षात ताटकळणे अर्धा ते एक तास, आणि पुन्हा बॅग उघडून पूजेची वही, गोळ्या, कोरडा खाऊ शोधणे. तीन तास सहज गेले. चार बदलांचे बारा तास म्हणजे उजेडाचा एक आख्खा दिवस. त्या दिवसाचे पैसे आपण मोजलेले असतात.

"किंवा तत्सम" या दोन शब्दांची किंमत

प्रत्येक पत्रकात हॉटेलच्या नावापुढे बारीक अक्षरात लिहिलेले असते, "किंवा तत्सम". तीन तारे, चार तारे हे शब्द ठळक असतात आणि हे दोन शब्द बारीक. ताऱ्यांचे जगभर मान्य असे एकच माप नाही. एका देशातले चार तारे दुसऱ्या देशातल्या तिनांएवढे असू शकतात. आणि तत्सम म्हणजे नेमके कशात सम? खोलीच्या आकारात, नाश्त्यात, की जागेत?

आमच्या कंपनीने स्तेपान्त्समिंदाचा मुक्काम लिहून दिला होता. ऐनवेळी गट मोठा झाला, आणि चाळीस माणसे एका हॉटेलात मावत नाहीत म्हणून आम्हाला गुदाउरीत ठेवले. गुदाउरी हे स्कीईंगचे गाव, सुमारे २,२०० मीटर उंचीवर. हॉटेल चकचकीत होते, तारे तेवढेच होते, कागदोपत्री तक्रारीला जागा नव्हती. पण गुदाउरी खिंडीच्या अलीकडे आहे आणि आम्हाला जे पाहायचे ते पलीकडे.

मैत्रिणींनो, यातली गोम समजून घ्या. स्तेपान्त्समिंदाच्या वर सुमारे २,१७० मीटरवर गेरगेतीचे चौदाव्या शतकातले चर्च आहे, आणि त्याच्या मागे पाच हजार मीटरहून उंच काझबेक शिखर. पत्रकावर हाच फोटो असतो. हे शिखर दिसण्याची शक्यता जास्त असते ती पहाटे. दिवस चढला की ढग त्याला वेढू लागतात. त्या गावात झोपलेली बाई पहाटे खिडकी उघडते आणि सोन्यासारखे शिखर पाहते. गुदाउरीत झोपलेली बाई नाश्ता करून, बसमध्ये बसून, खिंड ओलांडून अकराला पोचते आणि ढग पाहते. आम्ही ढग पाहिले. म्हणून म्हणते, डोंगराच्या देशात मुक्काम म्हणजे नुसती पाठ टेकण्याची सोय नाही. काय दिसणार तेसुद्धा मुक्कामच ठरवतो. चार ताऱ्यांचे हॉटेल तीस किलोमीटर अलीकडे असेल तर ते दोन खोल्यांच्या साध्या घराच्या तत्सम नाही, त्याहून कमी आहे.

एकट्या बाईची खोली

दुसरी गोष्ट आपल्यात कुणी मोकळेपणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. पत्रकातला दर "दोघांत एक खोली" या हिशेबाने असतो. नणंदबाईंचे यजमान गेले त्याला सहा वर्षे झाली. त्यांना एकटीची खोली हवी तर सिंगल सप्लिमेंट भरा, नाहीतर अनोळखी बाईबरोबर राहा, असे दोनच पर्याय मिळाले.

उदाहरण म्हणून आकडे घेऊ. समजा खोलीचे रात्रीचे भाडे २४० लारी आहे. लारी हे तिथले चलन, आम्ही गेलो तेव्हा एक लारी साधारण ३१ रुपयांना पडत होती. जोडप्यातल्या प्रत्येकाच्या वाट्याला १२० लारी येतात. एकटीला आणखी १२० भरावे लागतात. सात रात्रींचे ८४० लारी, म्हणजे सुमारे २६ हजार रुपये. नवरा नसल्याचा हा दंडच म्हणायचा. भाडे खोलीचे असते, माणसाचे नसते, हे मला कळते. हॉटेलवाल्याचा दोष नाही. पण म्हणूनच भाडे जिथे कमी तिथे हा दंडही कमी. गेस्ट हाउसातली खोली स्वस्त असते, बऱ्याच ठिकाणी तीन खाटांची खोलीही मिळते, आणि तीन मैत्रिणी मिळून ती घेतली तर प्रश्नच मिटतो. महिला मंडळांनी बुकिंग करण्याआधीच जोड्या जुळवाव्यात. घोरणारी कोण, पहाटे सामायिकाला उठणारी कोण, रात्री दिवा लागणारी कोण हे आपल्याला माहीत असते. कंपनीच्या मॅनेजरला माहीत नसते.

त्बिलिसीत मोठे हॉटेल का चालेल

राजधानीत मी मोठ्या हॉटेलच्या विरोधात नाही. तिथे लिफ्ट असते, आणि जुन्या त्बिलिसीच्या चढउताराच्या दगडी गल्ल्यांत फिरून आल्यावर लिफ्टची किंमत कळते. तिथे शिकणारी आपली मुलेमुली पुष्कळ आहेत, त्यामुळे भारतीय खानावळी सापडतात. आजारी पडलो तर डॉक्टर जवळ असतो.

फक्त एक विनंती. ज्या हॉटेलात उतराल त्याची कथा विचारा, कारण या देशात हॉटेलांनाही इतिहास आहे. शहराच्या मध्यावर रुस्तावेलीच्या नावाच्या हमरस्त्याजवळ इव्हेरिया नावाचे उंच हॉटेल आहे. सोव्हिएत काळात, १९६७ साली ते उभे राहिले आणि तिथे उतरणे म्हणजे मोठा मान होता. १९९२-९३ मध्ये अबखाझियात युद्ध झाले, दोन लाखांहून जास्त माणसे घरदार सोडून पळाली, आणि सरकारने निर्वासित कुटुंबांना या हॉटेलच्या खोल्यांत ठेवले. एका खोलीत एक संसार. सज्जे फळ्या आणि पत्रे ठोकून बंद केले आणि त्यांचीही खोली केली. २००४ पर्यंत ती माणसे तिथे होती. मग इमारत रिकामी झाली, नवी केली, आणि २००९ पासून पुन्हा पंचतारांकित हॉटेल म्हणून सुरू झाली. देशाच्या पश्चिमेला त्स्काल्तुबो या गरम झऱ्यांच्या गावातही असेच झाले. तिथल्या खांबांच्या भव्य आरोग्यधामांत निर्वासित कुटुंबे कितीतरी वर्षे राहिली.

हे ऐकल्यावर टॉवेल पातळ आहे म्हणून भांडायला तोंड उघडत नाही. परिग्रह किती ठेवायचा यावर आपण प्रवचने ऐकतो. एका खोलीत दहा-अकरा वर्षे संसार केलेल्या बायकांचा विचार मनात आला की आपल्या दोन-दोन बॅगा जड वाटू लागतात.

द्राक्षांच्या घरात राहावे का

आता खरा वादाचा मुद्दा. काखेतीत घरोघरी वाइन करतात. तिथे क्वेव्हरी नावाचे मातीचे प्रचंड रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरतात आणि त्यात द्राक्षरस आंबवतात. रांजण पुरलेल्या खोलीला मरानी म्हणतात. या पद्धतीला २०१३ मध्ये युनेस्कोने सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीच्या खापरांवरही तिथे द्राक्षमद्याचे अंश सापडलेत. म्हणजे हा त्यांच्या घराचा देव्हारा म्हणा ना! त्यांची संत निनो, जिने चौथ्या शतकात तिथे ख्रिस्ती धर्म नेला, तिचा क्रूसही द्राक्षवेलीच्या काटक्यांचा, तिच्याच केसांनी बांधलेला, अशी श्रद्धा आहे. तिची समाधी सिघनाघी गावाजवळ बोदबेच्या मठात आहे.

अशा घरात आपण उतरावे का? मंडळात यावर बरेच बोलणे झाले. एका काकूंनी सरळ सांगितले, "ज्या घराच्या जमिनीत मद्य, त्या घरचे पाणी नको." मला त्यांचा आदर आहे. आपल्याकडे मद्य, मांस, मधु यांचा त्याग ही श्रावकाची पहिली पायरी, आणि मद्याचा निषेध नशेपुरता नाही, आंबवण्यात होणाऱ्या असंख्य जीवांच्या हिंसेसाठी आहे. शिवाय पाप कृत, कारित आणि अनुमोदित असे तिन्ही प्रकारे लागते, हेही खरे.

पण याच कसोटीने दोन्ही बाजू तपासू. त्बिलिसीच्या चार ताऱ्यांच्या हॉटेलात तळमजल्यावर बार असतो. काचेआड असतो म्हणून आपल्याला खुपत नाही, एवढेच. तिथे खोलीचे भाडे देताना आपण बारला अनुमोदन दिले असे कुणी म्हणत नाही. मग काखेतीतल्या बाईला खोलीचे भाडे देताना का म्हणावे? भाडे खाटेचे, चादरीचे आणि गरम पाण्याचे आहे.

अनुमोदन कुठे होते ते मी सांगते. सहलीच्या पैशात "वाइन टेस्टिंग" धरलेले असते. तुम्ही प्या अगर न प्या, त्याचे पैसे तुमच्याकडून गेलेले असतात. तुमचा पेला तिथे ओतला जातो आणि दुसरा कुणी पितो. याकडे आपल्यातल्या फार थोड्या जणी लक्ष देतात. बुकिंग करतानाच लेखी सांगा, हे कलम वगळा आणि त्याचे पैसे कमी करा. नाही कमी केले तर त्याऐवजी पाव भाजण्याचा किंवा चुर्चखेला करण्याचा कार्यक्रम द्या म्हणा. काखेतीत पाहुण्यांना हे आनंदाने दाखवतात. पावाला ते पुरी म्हणतात, हे ऐकून आमच्या नणंदबाई किती हसल्या! तोने नावाच्या मातीच्या भट्टीत, आपल्या तंदूरसारखी, होडीच्या आकाराची लांब पुरी आतल्या भिंतीला थापतात. चुर्चखेला म्हणजे दोऱ्यात ओवलेले अक्रोड, पीठ घालून आटवलेल्या ताज्या द्राक्षरसात पुन्हा पुन्हा बुडवून वाळवलेले. यात आंबवणे नाही. मात्र गोझिनाकी नावाची अक्रोडाची चिक्की दिली तर थांबा, ती मधात करतात.

ज्यांना तरीही मरानी असलेल्या घरात राहणे मनाला पटत नाही त्यांनी राहू नये. नेम मनापासून पाळायचा असतो. त्यांच्यासाठी सोपा मार्ग आहे. सिघनाघी त्बिलिसीहून सुमारे ११० किलोमीटरवर आहे, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येते. गटातल्या तशा बायकांसाठी ही सोय आधीच मागून घ्यावी, ऐनवेळी कुणाला अवघडल्यासारखे होऊ नये.

बुफेपेक्षा चूल बरी

माझ्या मताचे सगळ्यात मोठे कारण जेवण आहे. हॉटेलचा बुफे आधीच शिजून तयार असतो. त्याला काही सांगता येत नाही. घरच्या बाईला शिजवण्याआधी सांगता येते.

सांगायचे काय, तर एक शब्द पाठ करा, सामार्ख्वो. जॉर्जियाचे लोक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, त्यांचेही उपवासाचे दिवस वर्षात पुष्कळ असतात. त्या दिवसांत ते मांस, अंडी, दूध काहीही घेत नाहीत, आणि त्या जेवणाला सामार्ख्वो म्हणतात. "आम्ही शाकाहारी" म्हटले तर समोरची बाई गोंधळते, मासे चालतील का विचारते. "सामार्ख्वो" म्हटले की तिला लगेच कळते, वर आपल्याविषयी आदर वाटतो. ही व्रताची बाई, असे तिच्या डोळ्यांत दिसते. मग पुढचे चार शब्द: खोर्त्सी म्हणजे मांस, क्वेर्त्सखी म्हणजे अंडे, खाख्वी म्हणजे कांदा, निओरी म्हणजे लसूण. प्रत्येकावर हात हलवून नको म्हणायचे. कांदा-लसूण त्यांच्या उपवासालाही चालतो, म्हणून ते वेगळे सांगावेच लागते.

आम्हाला अशा घरात म्चादी मिळाली, ती मक्याची भाकरीच. मडक्यात शिजवलेला लोबिओ मिळाला, म्हणजे राजम्यासारख्या दाण्यांची उसळ, आमच्यासाठी कांद्याशिवाय केलेली. काकडी-टोमॅटोवर अक्रोडाचे कूट आणि फळांची रास. हॉटेलात हाच लोबिओ कांद्यात रटरटलेला असतो. खाचापुरी सगळीकडे मिळते, पण ती चीजची. पारंपरिक चीजमध्ये वासराच्या जठरातले रेनेट असते, हे ज्यांना चालत नाही त्यांनी लक्षात ठेवावे. आणि दोन सोंगे ओळखा. स्वानेती भागातली कुब्दारी दिसायला खाचापुरीसारखीच, पण आत मांस. राचा भागातली लोबिआनी, नाव दाण्यांचे, पण त्यात डुकराचे मांस घालतात.

वेळेचेही तसेच. मे महिन्याच्या अखेरीस त्बिलिसीत सूर्य साधारण साडेआठला मावळतो, जूनमध्ये त्याहून थोडा उशिरा. म्हणजे हॉटेलचे सात-साडेसातचे जेवणही आपल्याला दिवसाउजेडी मिळते. पण द्राक्षांची तोडणी पाहायला सप्टेंबरच्या शेवटी गेलात तर सूर्यास्त सातच्या आधी, आणि डिसेंबरात साडेपाचला. तेव्हा हॉटेलचा बुफे उघडण्याआधीच आपला दिवस संपलेला असतो. डिसेंबरात सूर्योदयही सव्वाआठच्या पुढे. नवकारशीचे ४८ मिनिटे धरले तर नऊ वाजून जातात, आणि बस बहुधा नऊलाच निघते. घरच्या बाईला "साडेपाचच्या आत वाढा" म्हणता येते. शंभर माणसांच्या बुफेला नाही.

महाराज बरोबर घेणाऱ्या सहली चांगल्याच, पण त्यातही मुक्कामाचा प्रश्न असतो. स्वयंपाकाला जागा देईल तेच हॉटेल घ्यावे लागते, मग ते कधी गावाबाहेर हमरस्त्यावर असते. आणि डोंगरात महाराजांचीही परीक्षा असते. स्तेपान्त्समिंदा सुमारे १,७४० मीटरवर आहे, तिथे पाणी ९४ अंशांच्या आसपासच उकळते. डाळ कुकरशिवाय शिजता शिजत नाही. खोलीतल्या किटलीत खिचडी करण्याचे बेत घरीच ठेवा, खाकरा आणि सातूचे पीठ न्या. तिथले प्लग दोन गोल पिनांचे असतात, आपली तीन पिनांची किटली बसणार नाही, अडॅप्टर लागेल. बादली-मग कुठेच मिळत नाही, एक हलका मग बॅगेत टाका. आणि बोरजोमीचे बाटलीतले पाणी चवीला खारट लागते, साधे पाणी मागा, आपले गाळणे आहेच.

माझ्या सुनेचे म्हणणे

माझी सून म्हणते, "आई, एवढे पैसे घालून जायचे तर हॉटेल तरी झकास हवे. घरात राहायचे तर आपले काय वाईट?" तिचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. घरगुती मुक्कामात उणिवा आहेत. लिफ्ट नसते, जिने अरुंद असतात, म्हणून तळमजल्याची खोली आधी मागावी लागते. न्हाणीघर सामाईक असू शकते. डोंगरातल्या गावांत हिवाळ्यात सगळ्याच खोल्या गरम असतात असे नाही, तेव्हा थंडीत जाणाऱ्यांनी निमूट हॉटेलच घ्यावे. चाळीस जणींच्या गटाला एका घरात जागा होत नाही, दोन-तीन घरांत विभागावे लागते, आणि ते कंपनीला नको असते.

पण झकास म्हणजे काय? संगमरवरी स्वागतकक्ष मुंबईतही आहे. तिथल्या लोकांत म्हण आहे की पाहुणा देवाकडून येतो. आपल्या अतिथी देवो भव ची सख्खी बहीणच. ती म्हण हॉटेलच्या काउंटरवर ऐकू येत नाही, स्वयंपाकघरात येते. वाइनचा पेला नाकारला तर त्यांना राग येतो, हीही समजूत चुकीची. जेवणाच्या वेळी एकामागून एक शुभेच्छा म्हणण्याची त्यांची रीत आहे. हातात फळांच्या रसाचा किंवा नासपतीच्या सरबताचा पेला धरा, हृदयावर हात ठेवा, "मादलोबा" म्हणजे धन्यवाद म्हणा. पुरेसे होते.

आणि पैशाचा शेवटचा हिशेब. मोठ्या हॉटेलला दिलेले भाडे मालक, बँक आणि साखळीची कंपनी यांच्यात वाटले जाते. गेस्ट हाउसचे भाडे बहुतेक वेळा घरच्या बाईच्या हातात पडते. तीच चादरी धुते, तीच पुरी आणते, तीच हिशेब लिहिते. घर सांभाळून चार पैसे मिळवणाऱ्या बाईचे मोल आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. पापड-लोणची विकून मुलांची फी भरणाऱ्या बायका आपण पाहिल्यात.

कंपनीला विचारायचे प्रश्न

हे उतरवून घ्या आणि उत्तरे लेखी मागा.

१. प्रत्येक रात्रीचे गाव कोणते? हॉटेल बदलले तरी गाव बदलणार नाही, असे लिहून द्याल का?

२. एकूण किती वेळा मुक्काम बदलणार? तीनपेक्षा जास्त असेल तर का?

३. स्तेपान्त्समिंदातच रात्र आहे ना, की गुदाउरीत?

४. एकटीच्या खोलीचे जास्तीचे पैसे किती? तिघींची खोली मिळेल का?

५. लिफ्ट नसेल तिथे साठीच्या पुढच्यांना तळमजला मिळेल का?

६. रात्रीचे जेवण त्या तारखेच्या सूर्यास्ताआधी मिळेल का?

७. वाइन टेस्टिंगचे पैसे वेगळे काढून कमी कराल का?

सातपैकी पाच प्रश्नांना नीट उत्तर मिळाले तर पैसे भरा. "मॅडम, तिथे गेल्यावर बघू" असे उत्तर आले तर दुसरी कंपनी बघा. मंडळातल्या आठ-दहा जणींनी मिळून विचारले तर कंपन्या ऐकतात, एकटीला उडवून लावतात. येत्या मे महिन्यासाठी ज्यांचा विचार चालू आहे त्यांनी ही यादी आपापल्या मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवावी आणि एकत्रच बोलणी करावी.

जय जिनेंद्र.